चाळीस कबुतरांचा रहिवास

आप्पा बरे झाले. आता हे वाक्य वाचलंच नाही असं समजा, कारण शहाण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात आम्हालाही ते माहीत नव्हतं.

आमच्या गावी, लासुर्ण्यात, माझ्या वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, डोकं महिनाभर ठणकत होतं. उलट्या व्हायच्या. एकाचे दोन दिसायचे. गोठ्यात म्हैस एकच, आप्पा म्हणाले, "दुसरी कवा घेतली? मला इचारलं न्हाय."

"दुसरीची धार तुमीच काढा," आई म्हणाली.

मग म्हस्कूमामा आला. आईचा भाऊ, सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. मेंढीच्या डोक्यात फोड झाला की ती एकाच बाजूला गरगर फिरते, आणि जिकडं फिरते तिकडं फोड, हे त्याचं शास्त्र. त्यानं आप्पांना अंगणात सोडलं. आप्पा डावीकडं वळले.

"डाव्या अंगाला हाय," मामा म्हणाला.

डावीकडं चहा ठेवला होता.

बारामतीच्या डॉक्टरबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं, आप्पांची ताठलेली मान तपासली आणि मणक्यातलं पाणी काढायचं ठरवलं. उशीर झाला तर आधी नजर जाईल, मग जीव, असं स्पष्ट सांगितलं. आप्पा भिंतीला पाठ लावून बसले. "पाठीत सुई मारली की माणूस लुळा पडतो."

बाई समजावून दमल्या. आई रडून दमली. मामा म्हणाला, "दाजी, आमी मेंढीची कवटी उघडून बघतो. ह्या पाठीतनं बघत्यात. तुमाला कसं सोयीचं पडंल तसं."

"मेंढी जगती का?"

"एखादी."

आप्पांनी सुईसाठी पाठ फिरवली.

त्या पाण्यात काळी शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर काळोखात पांढऱ्या कड्यांचे गोळे दिसले. मेंदूच्या आवरणाला बुरशी. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेतून ती श्वासात जाते, आणि दम्याच्या गोळ्या खाऊन खाऊन आप्पांच्या अंगाची राखण ढिली पडलेली. आमच्या माळ्यावर आप्पांची चाळीस कबुतरं.

औषध पुण्याहून बर्फातून आलं. उजेड लागू नये म्हणून सलाईनच्या बाटलीला काळा कागद गुंडाळला.

"बाटलीला नजर लागती व्हय?" आप्पांनी विचारलं आणि लगेच थंडीनं असे हुडहुडले, की मामानं खाट धरून ठेवली. रोज औषध, रोज थंडी, रोज मामा.

काही आठवड्यांनी घरी आल्यावर आप्पा गोठ्यात डोकावले. "दुसरी इकली का?"

"व्हय," आई म्हणाली.

कबुतरं राहिली तर दुखणं परत येईल, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. मामानं आणि मी ती खुराड्यात भरून मोटारसायकलवरून इंदापूरला सोडली. परत आलो, तर ती आमच्या आधी पोचलेली. आप्पा नाकाला टॉवेल बांधून त्यांना ज्वारी टाकत होते. असं तीनदा झालं. मग मी अर्ज लिहिला:

सबब, मे. तहसीलदारसाहेब, इंदापूर यांस नम्र विनंती, की सदर चाळीस कबुतरांचा मौजे लासुर्णे येथील रहिवास रद्द करून त्यांना इंदापूरचे कायम रहिवासी ठरवावे, व तसा हुकूम साहेबांनी आमच्या माळ्यावर येऊन त्यांना समक्ष वाचून दाखवावा. येताना नाकाला फडके बांधावे.