दुसरी बॉडी

"बॅग खाली ठेवू नकोस," भावजी म्हणाले. "फरशीवर धूळ असते."

मेहुण्याने बॅग पुन्हा खांद्यावर घेतली. फरशी त्याच्याच घरची होती आणि सकाळी त्यानेच पुसली होती. पण भावजींच्या कॅमेऱ्यापुढे घर काय आणि घरातली माणसं काय, सगळी धूळच.

भावजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. विमा कंपनीतून मुदतीआधी निवृत्त होऊन त्यांनी स्वतःला कलेला वाहून घेतलं होतं, असं तेच सांगत. कला म्हणजे फोटोग्राफी, आणि तीही फिल्मवरची. साध्या फिल्मवरची नाही, मोठ्या चौकोनी निगेटिव्हवरची. कॅमेरा पोटाशी धरून वरून आत डोकावायचं, मान डोलवायची, सुस्कारा टाकायचा आणि फोटो न काढताच पुढे चालू पडायचं. डिजिटलवाल्यांना ते 'बटणदाबे' म्हणत. फोनवाल्यांना तर नुसतं नाक मुरडत. ढग, बंद दारं आणि वठलेली झाडं हे त्यांचे विषय. माणसं हलतात, म्हणून माणसांवर त्यांचा राग होता.

आणि खरा फोटोग्राफर दोन बॉडी, म्हणजे दोन कॅमेरे, घेऊन निघतो, हा त्यांचा नियम. एक गळ्यात, दुसरी बॅगेत. पहिली ऐन वेळी दगा देईल, म्हणून दुसरी. ती दुसरी वाहायचं काम मेहुण्याकडे. तो ट्रकांच्या वजनकाट्यावर कारकून होता. आठवडाभर गाड्या आधी भरलेल्या तोलायच्या, मग रिकाम्या तोलायच्या, आणि सुट्टीच्या दिवशी भावजींच्या मागे टेकड्या चढायच्या. वाटेत कोणी चौकशी केलीच, तर भावजी त्याच्या पाठीवरच्या बॅगेवर थाप मारत. "बॅकअप! प्रोफेशनल माणूस एका बॉडीच्या जिवावर घराबाहेर पडत नाही." थाप बॅगेवर पडे आणि ठसका मेहुण्याला लागे.

मनातल्या मनात तो त्यांना 'ढगोबा' म्हणायचा. तरी बॅग उचलायचा, कारण त्याने नाही म्हटलं की ती ताईच्या गळ्यात पडणार, आणि ताईची कंबर आधीच कामातून गेलेली. इतक्या वर्षांत ती दुसरी बॉडी बॅगेबाहेर कधी निघाली नाही. त्याला तिला हात लावायची मुभाही नव्हती. पहिल्या कॅमेऱ्यातला रोल संपला की उरलेलं शेपूट हँडल फिरवून गुंडाळायचं, एवढी सेवा मात्र त्याच्याकडून घेतली जाई.

आज मात्र टेकडी नव्हती. आज खिडकीपाशी खुर्चीत आई बसली होती. तिच्या जबड्यात गाठ निघाली होती आणि उद्या ऑपरेशन होतं. डावीकडचा जबडा काढावा लागेल, चेहरा पहिल्यासारखा राहणार नाही, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. आई रडली नाही. तिने एकच मागितलं.

"मग त्याआधी जावईबापूंना म्हणावं, माझा एक फोटो काढा. भिंतीवर लागेल असा. या तोंडाने मी एवढा जन्म काढला, त्याची आठवण नको का?"

ताईने फोन पुढे केला होता. "त्यात नको गं," आई म्हणाली होती. "त्यात माझं नाक आधी येतं आणि मी मागून."

भावजींनी आठवडाभर प्रकाश बरोबर नसल्याची सबब सांगितली. शेवटी ताईने अबोला धरला, तेव्हा कुठे प्रकाश बरोबर झाला.

"हनुवटी जरा खाली. बोलू नका. श्वाससुद्धा हळू घ्या," भावजी आईला म्हणाले, जणू ती वठलेलं झाडच आहे. मग त्यांनी बटण दाबलं. कॅमेऱ्यातून अर्धवट खट् असा आवाज आला आणि तो तिथेच अडकला. भावजींनी हँडल ओढून पाहिलं, फुंकर मारली, हलवून पाहिलं. व्यर्थ.

"जॅम झाला," ते म्हणाले. "आज होत नाही आता."

"पण दुसरी आहे की!" मेहुणा म्हणाला. त्याला खरोखर आनंद झाला होता. एवढी वर्षं पाठ मोडली ती याच क्षणासाठी, असं त्याला वाटलं आणि भावजींबद्दलची सगळी चीड त्या क्षणी त्याने माफ करून टाकली.

"ती नको," भावजी घाईने म्हणाले. "तिच्यात वेगळा रोल आहे. आता मिळत नाही तो. तसा प्रकाश येईल त्या दिवसासाठी जपलाय."

"भावजी, उद्या हा चेहरा नसणार."

"अरे, चेहरा म्हणजे काय शेवटी? माणूस आतून जो असतो..."

"आतलं राहू द्या. आई बाहेरचा फोटो मागतेय."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने बॅग विचारल्याशिवाय फरशीवर ठेवली आणि उघडली. बॉडी बाहेर काढली. मागच्या डब्यातली, फिल्मवर उजेड पडू न देणारी पत्र्याची पाती ओढून घेतली, भावजी ओढत तशीच. वरून डोकावलं. आई काचेत चौकोनी, स्पष्ट, उजवी-डावी उलटी दिसत होती. त्याने बटण दाबलं. मोठा खणखणीत आवाज झाला आणि आई खूश होऊन हसली.

मग त्याने हँडल फिरवलं. फिल्म असली की हँडल बोटांना ओढ देतं, हे त्याला शेपटं गुंडाळून गुंडाळून पाठ होतं. हे हँडल मोकळंच फिरलं. आत काही नव्हतं. वेगळा रोल नव्हता, साधाही नव्हता.

त्याने मान वर केली. भावजी छताकडे पाहत होते.

"आला का रे?" आईने विचारलं.

तो कॅमेरा भावजींच्या डोक्यात घालावा, असं त्याला मनापासून वाटलं. पण आई ताठ बसली होती, गाल खिडकीकडे करून, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा न घाबरता.

"आला, आई. झकास आला. अजून घेऊ." मग दाराशी उभ्या असलेल्या बहिणीला तो मागे न पाहता म्हणाला, "ताई, तूही काढत राहा. फोनवर. असू दे आपलं."

"तिच्याकडे मी बघणार नाही हं," आई म्हणाली. "मी तुझ्याकडेच बघणार."

"माझ्याकडेच बघ," तो म्हणाला. खाली वाकून, डोळे पुसायला सवड न घेता, त्याने रोलमधले सगळे नसलेले फोटो एकामागून एक काढले.

नंतर त्याने भावजींना जिन्यात गाठलं. "कधीपासून रिकामी आहे?"

"रोल नुसता बसून खराब होतो. तुला नाही कळायचं त्यातलं."

"मग मी उचलत काय होतो?"

"बॅकअप," भावजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नव्हता. बॅग मात्र त्या दिवशी त्यांना स्वतः न्यावी लागली.

आई घरी आली तेव्हा तोंडाला पट्ट्या होत्या आणि बोलता येत नव्हतं. भिंतीवर फोटो लागला होता. ताईच्या फोनमधलाच, पण भावजींनी तो काळा-पांढरा करून, जाड कागदावर छापून, खाली कोपऱ्यात स्वतःची सही ठोकली होती. ताईने मेहुण्याकडे पाहिलं. फोटो बघून आईचे डोळे भरले होते. त्या डोळ्यांसमोर खरं-खोटं करत बसायची त्याची छाती झाली नाही.

भेटायला येणारे फोटोसमोर थबकत. शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "जावयाने काढलाय? काय जिवंत आलाय हो! पण समोर नाही बघत त्या. कुठे बघताहेत?"

"अनंतात," भावजी पाठीमागे हात बांधून म्हणाले. "ती नजर पकडायला तपश्चर्या लागते."

खाटेवर आई हलली. तिने पांघरुणातून हात काढला आणि एक बोट उचलून दाराजवळ स्टुलावर बसलेल्या मेहुण्याकडे धरलं. तिने ते खाली घेतलं नाही.

"पाणी हवं असेल त्यांना," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मेहुणा उठला आणि वाटी-चमचा घेऊन आईजवळ बसला.