कमानीबाहेरचा चेहरा

निरंजननं कमानीवर राउटर बसवला त्या दिवसापासून, कबाडे गल्लीतलं कुणीही बाहेर पडलं की त्याला निरंजनचा चेहरा यायचा. बाई असो, म्हातारा असो, कमान ओलांडली की निरंजनच. आवाजही त्याचाच. परत आत आलं की ज्याचं त्याला मिळायचं.

यात चुकलं काही नव्हतं. राउटर बसवायच्या व्हिडिओत असंच सांगितलं होतं. आतले सगळे बाहेर एकाच पत्त्यानं जाणार. कोण कुठल्या घरचं, हे कमान लक्षात ठेवणार. बाहेरच्याला मात्र आपणहून आत येता येणार नाही. आतून कुणी हाक मारली तरच वाट मिळणार, आणि तीही हाक मारणाऱ्याच्या घरापुरतीच. भाजीवाली कमानीबाहेर थांबायला लागली. चोऱ्या बंद झाल्या. गल्लीनं शाल-नारळ देऊन निरंजनचा सत्कार केला.

"निऱ्या, दाढी कर की रे," शेजारच्या म्हेत्रेकाकू सकाळीच दारात यायच्या. "भाचीचं लगीन हाय. असल्या खुंटांनी जाऊ व्हय मी?"

तो करायचा. बाजारात कुणी थप्पड खाल्ली की घरात बसलेल्या निरंजनचा गाल तापायचा. त्याचीही सवय झाली.

दुसरा राउटर घरात होता, मागाच्या खोलीत. कमानीचं सगळं ठरवायचं ते त्याच्यावरून. खोलीला मागाची खोली म्हणायचे, पण कापड विणायचा माग आता तिथं नव्हता. तो थोरल्या भावाचा, हेमंतचा. हेमंत सासरवाडीला गेलेला असताना राउटरला जागा हवी म्हणून निरंजननं तो भंगारात घातला होता. जुना होता, बंदच होता, असं त्याला वाटलं. हेमंत आला, रिकाम्या खोलीत उभा राहिला. फरशीवर तेलाचे डाग तेवढे उरले होते.

"विचारायचं तरी होतंस," हेमंत म्हणाला. मग म्हणाला, "तुझं तोंड बघणार नाही परत." आणि कमानीवर राउटर बसायच्या आधीच बायकोला घेऊन विट्याला गेला.

आईनं निरंजनला विचारलं होतं, "एकट्या हेमंतपुरती वाट उघडी ठेवता येती का रे?"

"येते की. त्याचं नाव घालायचं फक्त. दोन मिनिटांचं काम."

"मग घाल की."

"घालतो गं."

तो बसायचा. नावाच्या चौकटीत रेघ लुकलुकायची. 'हे' टाईप करायचा, पुसायचा. ते नाव लिहायला घेतलं की पायाखालचे तेलाचे डाग ओले व्हायचे. उद्या बघू म्हणून तो उठायचा.

आई वाट बघून बघून एक दिवस स्वतःच विट्याला गेली. खर्डा आणि भाकरी डब्यात बांधून घेतली. हेमंतनं दार उघडलं तर समोर निरंजन.

"हेमू," आई म्हणाली, निरंजनच्या आवाजात.

"हेमू म्हणू नकोस मला," हेमंत म्हणाला, आणि दार तिच्या तोंडावर आपटलं.

इकडे इचलकरंजीत जेवता जेवता निरंजनच्या कपाळाला टेंगूळ आलं.

आई परत आली. कमानीत तिचा चेहरा तिला मिळाला, त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. ती अंथरुणावर पडली ती पडलीच.

"माझ्या पोरानं मला वळखलं न्हाई," ती म्हणाली.

"आई, चेहरा माझा होता ना."

"व्हय. तुझाच होता." तिनं भिंतीकडं तोंड केलं. "डबा उंबऱ्यावर ठेवून आलेय."

त्यानंतर तिचा आवाज बारीक होत गेला. आधी स्वयंपाकघरापर्यंत यायचा, मग दारापर्यंत, मग उशीपर्यंतच. त्या आवाजात ती एकच विचारायची. नाव घातलंस का.

आणि एका दुपारी हेमंत कमानीबाहेर येऊन उभा राहिला. हातात तोच डबा. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून आत साखर भरलेली. कमानीबद्दल तो ऐकून होता; खर्डा तोंडात घातल्यावर त्याला कळलं होतं, दारात कोण आलं होतं ते.

पिशवी घेऊन निरंजनच्या चेहऱ्याचं कुणीतरी बाजारातून आलं. हेमंत पुढं झाला.

"आई?"

"न्हाई रे. मी म्हेत्रेकाकू." त्या कमानीतून आत गेल्या, आणि त्यांचा चेहरा कपाळापासून खाली उतरत उतरत जागेवर बसला. आतून म्हणाल्या, "ये की, मी बोलावते. च्या घे."

"तुमच्याच घरापुरतं येता येईल, काकू. मला आईकडं जायचंय. ती आली की तिच्याबरोबर येतो."

काकूंनी निरोप आणला तसा निरंजन मागाच्या खोलीत पळाला. नाव घालायचं, बास. पण खोली लांब झाली होती. पलीकडच्या टोकाला राउटरचा हिरवा दिवा दिसत होता. तो चालला. डागांमागून डाग येत राहिले, पावलाला तेल लागत राहिलं, दिवा तेवढ्याच अंतरावर. खूप चालल्यावर त्यानं मागं वळून पाहिलं तर दार एका पावलावर होतं.

बाहेर आई उशीला काहीतरी सांगत होती. तो वाकला.

"हेमू आलाय," ती म्हणाली. "आण त्याला."

तो कमानीकडं गेला. जाताना मनात वाक्य जुळवत होता. दादा, माग मी विचारून विकायला हवा होता. एवढंच. कमान ओलांडली. चेहरा बदलला नाही. तो त्याचाच होता.

हेमंतनं त्याच्याकडं पाहिलं. आजवर असं त्या चेहऱ्याकडं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. कपाळावरच्या टेंगळाला हळूच बोट लावलं.

"दुखतंय का अजून?"

निरंजनचं वाक्य ओठापर्यंत आलं होतं.

"आई," हेमंत म्हणाला, "मला कळलं नाही गं. तूच आहेस ना?"

नाही म्हटलं असतं तर तो विट्याच्या वाटेला लागला असता. आत अंथरुणावर उशी ऐकत होती.

"होय रे," निरंजन म्हणाला. "चल घरी, हेमू."

हेमंतनं डबा काखेत मारला आणि त्याचा हात धरला, लहानपणी जत्रेत धरायचा तसा घट्ट. दोघं कमानीखाली आले. तिथं हेमंत थांबला, निरंजनकडं वळला, आणि चेहरा बदलायची वाट बघत राहिला.