सरजाबाईंना प्रोस्टेटचा त्रास

गुरुवार उजाडला की निलंग्याच्या त्या मंगल कार्यालयात मुंगीला शिरायला जागा नसे. किल्लारी, औराद, कुठून कुठून जीपा भरून येत. व्यासपीठावर गूढानंद महाराज डोळे मिटून बसलेले, डोक्याला कानांवरून घट्ट बांधलेला भगवा फेटा. भक्त समोर टेकला की महाराज आपणहून सुरू होत. "तुला बीपी हाय. गुडघा धरतो. डोळ्यात थेंब घालून राहिलास." भक्ताने तोंडही उघडलेलं नसे. तो तिथेच लोटांगण घालायचा आणि मागची रांग गहिवरून जायची.

उपचार मात्र सगळ्यांना एकच. गोळ्या बंद, अंगारा चालू.

अण्णारावही असेच भारावून आले. "माझी साखर, लघवीची गोळी, समदं सांगितलं त्यांनी," म्हणाले आणि गोळ्यांचा डबा उकिरड्यावर टाकून मोकळे झाले. त्यांची सून ऋतुजा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सासऱ्यांच्या पायाची बारीकशी जखम चिघळत चाललेली तिला दिसत होती. ती हातापाया पडली.

"मामा, गोळी घ्या."

"ज्यांला माझ्या पोटातलं दिसतं, त्यांचं ऐकू का तुझं?"

तिला रडू यायचं, आणि त्याहून जास्त राग यायचा.

उत्तर शेजारच्या घरातून चालत आलं. सरजाबाई गुरुवारचं दर्शन आटोपून आल्या त्या मिरवतच.

"ऋतुजा, माझं बी सांगितलं गं महाराजांनी. साखर हाय म्हणले. अन् प्रोस्टेट वाढलंय."

ऋतुजाच्या हातातलं लाटणं थांबलं. "मावशी, प्रोस्टेट पुरुषांना असतं. बायांच्या अंगात ते नसतंच."

"आधी नसंल. आता झालंय." सरजाबाई ठाम होत्या. जन्मात त्यांना एकही इंग्रजी नावाचा आजार झाला नव्हता, त्यामुळे हा हातचा सोडायची त्यांची तयारी नव्हती.

"तिथं तुम्हाला काय काय विचारलं?"

"काय बी न्हाई. तो चेला हाय ना, हरिओम, त्यानं मोबाईलवर फॉर्म भरला. नाव, गाव. अन् दुकानात सांगता तोच नंबर सांगा म्हणला. मग मी अण्णाभाऊचा सांगितला."

यात नवल काही नव्हतं. अण्णारावांच्या नंबरात शेवटी ओळीने सगळे सातच. ज्यांना स्वतःचा नंबर पाठ नाही अशा गल्लीतल्या साऱ्या बाया गॅसवाल्यापासून साडीच्या दुकानापर्यंत हाच नंबर ठोकून देत. अण्णारावांनाही त्याचा कोण अभिमान. पण आता ऋतुजाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नंबर अण्णारावांचा गेला होता, म्हणून दुखणंही अण्णारावांचंच आलं होतं. सरकारने धाडलेल्या लिंका भरून भरून तिची बोटं झिजली होती. भरलेला फॉर्म पुढे कुठे जातो हे तिला चांगलं ठाऊक होतं.

ती पलीकडच्या मनतशाकडे गेली. मनतशाला सहावा महिना. तिची औषधं राजशेखरच्या मेडिकलमधून येत, जिथून अण्णारावांसकट अर्धा निलंगा औषधं घेतो. ऋतुजाने बेत सांगितला तशी ती पोट धरून हसली. "ले लेव मेरा नंबर, बाजी. पर क्या बोले वो, मेरेकू आके बताना."

आता राहिले अण्णाराव. ऋतुजा म्हणाली, "मामा, महाराज अंतर्ज्ञानी. त्यांना नंबर लागतो का?"

"छट्. त्यांला कशाला लागतोय?"

"मग या खेपेला कुठलाही दिला तरी काय बिघडतंय?"

अण्णाराव स्वतःच्याच बोलण्यात अडकले. गुरुवारी ऋतुजा आणि सरजाबाईही सोबत गेल्या, आणि हरिओमच्या फॉर्मात अण्णारावांच्या नावापुढे मनतशाचा नंबर भरला गेला. भल्या मोठ्या पांढऱ्या मिशांवर हात फिरवत ते महाराजांसमोर बसले. महाराजांचे डोळे मिटलेले, जीभ सुटलेली.

"अंगात रक्त कमी हाय. लोहाच्या गोळ्या घेऊन राहिलास. सकाळी मळमळ होते. ते समदं बंद कर, अंगारा खा. सातवा लागला की ओटी भरून घे. बाळ-बाळंतीण सुखरूप राहतील."

मागून कोणीतरी विचारलं, "अण्णाभाऊ, कितवं?" आणि हसून हसून लोकांच्या मुरकुंड्या वळल्या. महाराजांनी डोळे उघडले, समोर मिशा पाहिल्या आणि घाईघाईने म्हणाले, "हे मागच्या जन्मीचं हाय."

तोवर ऋतुजाने नोंदणीच्या टेबलावरचा हरिओमचा लॅपटॉप लोकांकडे वळवला होता. "मागच्या जन्मीच्या गोळ्यांचं बिल या महिन्याचं कसं?" नारळ घेऊन रांगेत उभा असलेला मेडिकलवाला राजशेखर पुढे झाला. बघतो तर काय, अण्णारावांच्या नावापुढे त्याच्याच दुकानची बिलं.

"हरिओम, तूच बिलाचा कंप्युटर बसवून दिला होतास ना रे मला?" हरिओमच्या तोंडचं पाणी पळालं.

ऋतुजाने वर्गात समजावतात तसं समजावलं. "तुम्ही फॉर्म भरता, त्याची या शीटमध्ये एक ओळ होते. ही शीट यानं चोरून दुकानच्या बिलांना जोडलीय. नंबर पडला की बिलातली औषधं आपोआप इथं येतात, आणि औषधावरून आजार. हा वाचतो, महाराज ऐकतात." एव्हाना सरजाबाईंनी फेटा ओढला होता. महाराजांच्या कानात इवलंसं यंत्र होतं.

अण्णाराव लाजेने लाल झाले होते. पण ते उठले आणि माईक हातात घेतला.

"हसा मला. पण आधी सांगा, या बाबाच्या नादानं गोळ्या कोणी कोणी सोडल्या? हात वर करा."

आधी एक हात वर झाला. मग चार. मग बघता बघता निम्मं कार्यालय हात वर करून उभं राहिलं. हसू कुठल्या कुठे गेलं. एक म्हातारी तर दोन्ही हात वर करून रडायला लागली. तिने नवऱ्याची हृदयाची गोळी बंद केली होती.

ऋतुजाने अण्णारावांच्या हातून माईक घेतला. "तुमची माहिती कोणाकडे असली म्हणून त्याला तुमचा इलाज कळतो असं न्हाई. कोणी मनातलं सांगितलं तर पाया पडायच्या आधी एवढंच विचारा, की याला हे कळलं कुठून. अन् गोळी बंद करायची का न्हाई, ते तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरला विचारा."

अण्णारावांनी चिघळलेला पाय उचलून चप्पल चढवली. "चला," ते म्हणाले, "सरकारी दवाखाना उघडा हाय." ते लंगडत पुढे निघाले आणि ते सगळे हात त्यांच्या मागे गेले.