खांबांवरची अक्षरं

इमारतीच्या स्पर्धेला चित्र पाठवायचं तर आर्किटेक्टनं त्यावर नाव घालायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. ओळखीपाळखीला वाव राहू नये म्हणून नावाऐवजी एखादं बोधवाक्य लिहायचं. लोक लॅटिन झाडतात. माझे यजमान, जाबेझ फेनिमोर, तरुणपणी ‘सत्य आणि सौंदर्य’ लिहायचे. हरून हरून पुढे नुसतं ‘आशा’ लिहू लागले. हॉल्सबी गावाच्या टाउन हॉलचं चित्र पुरं झालं तेव्हा तीही उरली नव्हती.

“आता काय लिहू?” त्यांनी विचारलं.

मी मटणाचं पातेलं ढवळत होते, वैतागलेली होते. “लिहा, ‘पुन्हा एकदा’,” मी म्हणाले.

त्यांनी खरंच तेच लिहिलं. कोपरे सगळे सावल्यांनी भरले होते, म्हणून चित्रातल्या खांबांवरच्या मोकळ्या पट्टीत लिहिलं, सुबक रोमन अक्षरांत.

आणि आम्ही जिंकलो. बक्षीस आलं, काम मात्र आलं नाही. समितीचे अध्यक्ष टब म्हणजे गावातले लोकरीचे बडे व्यापारी. चित्रं आता समितीच्या मालकीची, त्यावरून इमारत टबचे स्वतःचे जावई क्राउच बांधतील, असं त्यांनी कळवून टाकलं. यात नवल नव्हतं, सगळीकडे हेच चालतं. कोर्टात जा, असं मी म्हणाले. भांडायला त्राण नाही, असं हे म्हणाले. जन्मभरात यांच्या हातून उभं काय राहिलं, तर एक तबेला आणि कुणाकुणाची थडगी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. दिसतंय तोवर आपली एक तरी इमारत उभी बघायची, एवढंच त्यांना हवं होतं.

उद्घाटनाला जाऊ नका म्हणून मी परोपरीनं सांगितलं. गेलोच. रेल्वेच्या धुरानं काळे होऊन चौकात पोचलो, तर सगळं गाव माना वर करून कुजबुजत होतं. मीही वर पाहिलं आणि यांच्या कानाशी ते वाचून दाखवलं.

क्राउचला चित्र वाचता येत नसावं, नक्कल मात्र इमानदारीनं करता येत होती. कागदावर जे जे होतं, ते ते त्यानं दगडात उतरवलं होतं. खांबांच्या वर, हातभर उंचीच्या अक्षरांत, ‘पुन्हा एकदा’.

टबसाहेब भाषणात म्हणाले, हा आपल्या गावाचा बाणा आहे, लोकरीचा धंदा बसला तरी आपण पुन्हा उठू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण माणूस कच्च्या गुरूचा चेला नव्हता. भाषण संपताच आम्हाला खांबाआड गाठलं.

“फेनिमोरसाहेब, ते तुमच्याच चित्रातलं ना? खरा अर्थ काय त्याचा? भलतंसलतं असेल तर आत्ताच सांगा, उद्या छिन्नीनं काढून टाकतो.”

मी यांना कोपरानं ढोसलं. खरं सांगितलं असतं तर सारा परगणा टबला हसला असता. मला ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं.

हे दमल्या आवाजात म्हणाले, “अर्थ तुम्ही सांगितलात तोच. राहू द्या.”

टब निघून गेले. मी भयंकर चिडले होते. यांनी एका खांबावर हात ठेवला, गालही टेकवला. वरचं त्यांना दिसत नव्हतं.

“क्राउचचं नाव कुठे आहे?”

“दाराशी,” मी म्हणाले. “गुडघ्याएवढ्या उंचीवर. कुत्र्यांची सोय झाली.”

“आणि आपलं?”

‘आपलं’ म्हणाले, ‘माझं’ नाही. मला इतक्या वर्षांत कधी रडू आलं नव्हतं, तेव्हा आलं.

“वर आहे,” मी म्हणाले. “सगळ्यांत वर.”