खेळाडूंचं दार

"तेराशे एकसष्ट," रग्बी संघटनेचे निरीक्षक म्हणाले. माणसं मोजणाऱ्या चारही फिरत्या दारांचे आकडे त्यांनी पुन्हा मांडले. बेरीज तीच आली.

तिकीट खिडकीवरच्या बाईंनी मैदानाकडे पाहिलं. "साहेब, माणसं तर बरीच दिसतायत की."

"दाराने मोजलेलं धरतो मी. डोळ्यांनी मोजायला लागलो तर प्रत्येक क्लबात लाखभर निघतील."

पूर्वार्ध संपायला अकरा मिनिटं उरली होती. त्या शिट्टीला दारांचे आकडे बंद होत. प्रेक्षक दीड हजारांच्या खाली राहिलेला सलग तिसरा सामना म्हणजे रग्बी क्लबाची मान्यता रद्द आणि मैदान पालिकेला परत. दोन सामने तसे गेले होते. त्या दोन सामन्यांना खास दिवस लावायची कल्पना बाईंचीच. नर्सेसच्या दिवशी निम्म्या नर्सेसना ड्यूटी लागली. शिक्षकांच्या दिवशी शिक्षक आले चाळीस, तेही वह्या तपासत बसले. आज माजी खेळाडूंचा दिवस होता. सहकुटुंब या, पास मोफत. तीन आठवडे बाई फोन करत होत्या.

"तुमच्या म्हाताऱ्यांनी दगा दिला," क्लबाचे सचिव कपाळ पुसत म्हणाले.

"शक्यच नाही. आमचे बाबा सकाळी सातपासून कोट घालून बसले होते."

बाबा समोरच दिसत होते. खेळाडूंच्या कक्षात, पहिल्या रांगेत, क्लबाच्या निळ्या कोटात. त्यांच्यामागे सगळे निळे कोट, बायका, सुना, नातवंडं.

बाई मागच्या दाराकडे धावल्या. ते खेळाडूंचं दार. तिथे मोजणीचं यंत्र नव्हतं, फक्त स्टुलावर बसलेला म्हातारा दारवान होता.

"हे सगळे इकडून आले?"

"मग कुठून येतील? तुमचे बाबा पुढे, बाकीचे मागे. त्यांना मी पास विचारू? जन्मात नाही विचारला."

बाई कक्षात पोचल्या तेव्हा आठ मिनिटं उरली होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी सांगितलं. ज्यांची मोजणी झालेली नाही त्यांनी बाहेर पडून तिकिटाच्या दाराने आत यायचं, आत्ता. कोणी हललं नाही. सगळे बाबांकडे बघत राहिले.

"खांब, काय करायचं रे?" मागून कोणीतरी विचारलं. बाबांना मैदानावर सगळे खांब म्हणत.

बाबा मैदानावरची नजर न काढता म्हणाले, "त्या दाराने मी एकदाच गेलोय. आडवा, स्ट्रेचरवर."

"माहितीये. गुडघा मोडला तेव्हा. मी आईच्या कडेवर होते."

"मग कशाला सांगतेस?"

"तुम्ही उठल्याशिवाय हे उठणार नाहीत म्हणून. उद्या ही दोन्ही दारं पाडतील, बाबा. मग कुठून आलो हे सांगायलाही काही उरणार नाही."

सहा मिनिटं उरली होती. मैदानात एक खेळाडू खांदा धरून खाली बसला आणि पंचांनी घड्याळ थांबवलं. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"काठी दे," ते म्हणाले. "चला रे. रेंगाळू नका."

बाहेरून वळसा घालून तिकिटाच्या दारांपर्यंत शंभरेक पावलं होती. बाबांचा गुडघा वळत नव्हता, पण त्यांना मागे टाकून कोणी गेलं नाही. दारापाशी मात्र ते बाजूला उभे राहिले आणि काठीने एकेकाला पुढे घालू लागले. चारही दारं खटखटत राहिली. बाई पास फाडत होत्या. निरीक्षक दारामागे उभे राहून चेहरे बघत होते. कोणी दुसऱ्यांदा येऊ नये म्हणून.

आत घड्याळ पुन्हा सुरू झालं. चौदाशे वीस. चौदाशे सत्तर. एक आजीबाई पिशवीत पास शोधू लागल्या, तेव्हा सचिवांनी डोळे मिटून घेतले. पास चष्म्याच्या डबीत निघाला.

"दीड हजार झाले," निरीक्षक म्हणाले. "मागचे येऊ द्या. दीड मिनिट आहे."

शेवटी बाबा एकटेच उरले. त्यांच्या जोडीने पहिल्या फळीत खेळलेला दोस्त आतून ओरडला, "खांब, आकडा झालाय. तू जा आपल्या दाराने. कोण अडवतंय?"

बाबांनी पास मुलीसमोर धरला. तिने तो फाडला. काठी दाराच्या दांड्यात अडकली. तिचा हात पुढे झाला, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. काठी सोडवून, गुडघा ओढत ते आत गेले. दार खटकन वाजलं.

"कितवा मी?"

"पंधराशे नऊ," निरीक्षक म्हणाले, आणि शिट्टी झाली.

"तीन होतो मी. जर्सीवर." निरीक्षकांनी मान डोलावली आणि आकडा लिहून घेतला.

सगळे निळे कोट आतल्या वाटेने खेळाडूंच्या कक्षाकडे निघाले. बाबांची पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांनी मोकळी ठेवली. बाई तिकिटांची पेटी बंद करून वर आल्या, तर बाबा दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, तिकिटाच्या दाराने आलेल्या अनोळखी माणसांमध्ये बसले होते. कोट काढून त्यांनी मांडीवर ठेवला होता, घडी घातलेला, क्लबाचं चिन्ह आतल्या बाजूला. शेजारचा माणूस त्यांना रग्बीचे नियम समजावून सांगत होता आणि बाबा ऐकून घेत होते.