तळमजल्यावरचं पाकीट

कार्डाच्या शेवटच्या रकान्यात तीनच शब्द होते : ‘जहाज सोडून पळाला’.

तिने कार्ड उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी. पुढे आजोबांचं नाव, उंची, डाव्या मनगटावर भाजल्याचा व्रण, काम – भट्टीत कोळसा टाकणे – आणि सात सफरींच्या तारखा. सहा सफरींपुढे ‘वर्तणूक उत्तम’. सातवीपुढे ते तीन शब्द.

या तीन शब्दांनी तिच्या आईचा जन्म खाल्ला होता. ‘पळपुट्याची पोर’ हे शाळेत ऐकलं, सासरी ऐकलं आणि सगळ्यात जास्त ऐकलं ते सख्ख्या भावाकडून. आजोबा पळाल्याचं पत्र घरी आलं तेव्हा मामा तेरा वर्षांचा होता, आई चार. मामाने त्याच दिवशी बापाचा घरातला एकुलता एक फोटो चुलीत घातला. आता आई ब्याऐंशीची होती, नजर गेलेली, आणि तिचं एकच मागणं होतं. “तो पळाला की मेला, एवढं मला कळू दे. मग मी सुटले.”

“झालं ना ताई समाधान?” खलाशांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीतल्या कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं.

“नाही. हे लिहिलं कुणी?”

“कुणी म्हणजे? सरकारनं.”

“सरकारला हात नसतात. कुठल्या माणसानं, कशावरून लिहिलं?”

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिची तीस वर्षं गेली होती. आकडा कुठल्या वहीतून आला हे पाहिल्याशिवाय ती सही करत नसे, आणि त्यापायी तिने भरपूर शिव्याही खाल्ल्या होत्या.

कारकुनाने सुस्कारा सोडला. माणसांची कार्डं वर; जहाजांचे कागद खाली, तळमजल्यावर, एकेका सफरीचं एकेक पाकीट. जहाज परतलं की कप्तानाची यादी आधी वर यायची, कार्डं भरली जायची, मग यादी खाली जायची. 

“आणि खाली नंतर काही आलं तर?” तिने विचारलं.

“ते पाकिटात जायचं.”

“कार्ड कोण दुरुस्त करायचं?”

“वरचे लोक खाली जायचे नाहीत, ताई. खालचे वर यायचे नाहीत.”

“का? पाय मोडले होते?”

“जिना होता ना मध्ये,” तो म्हणाला. तो विनोद करत नव्हता.

ती स्वतः तो जिना उतरली. एकोणीस पायऱ्या. पाकिटातल्या यादीत लिहिलं होतं : ‘सतरा तारखेस निघताना गैरहजर. पळाला असे समजावे.’ यादीच्या मागे गंजक्या टाचणीने एक कागद टोचलेला होता. जहाज जिथून निघालं, त्या बंदरातल्या साथरोग रुग्णालयाचा. पंधरा तारखेला दोन हमालांनी धक्क्यावरून उचलून आणलेला खलाशी. ताप, शुद्ध नाही. एकोणीसला मृत्यू. ओळख : खिशातलं नोकरीचं पुस्तक, डाव्या मनगटावर भाजल्याचा व्रण. रुग्णालयाच्या आवारात दफन.

तळपायाची आग तिच्या मस्तकात गेली. एकोणीस पायऱ्या. तेवढ्या चढायला एकालाही सवड झाली नव्हती.

कागदाची प्रत करून घेऊन ती पाकीट बंद करायला गेली, तेव्हा झाकणाच्या आत चिकटवलेली चिठ्ठी दिसली. पाकीट उघडणाऱ्याने तारीख घालून सही करायची, असा तिथला नियम. तिच्याआधी एकच सही होती, तेहतीस वर्षांपूर्वीची, खाली लांबलचक शेपूट काढलेली. वडील फिरतीवर असायचे, म्हणून तिच्या प्रगतिपुस्तकांवर हीच सही असायची.

मामा आईच्याच घरी, खिडकीपाशी बसून संत्रं सोलत होता. आई आत आडवी झाली होती.

“मामा, निवृत्त झालात त्या वर्षी तुम्ही तळमजल्यावर गेला होतात.”

“कोण म्हणतं?”

“तुमची सही.”

मामा सालीचे तुकडे एकावर एक रचत राहिला. “फोटो मी जाळला होता,” तो शेवटी म्हणाला. “कुठल्या तोंडानं सांगू, की चांगल्या माणसाचा जाळला?”

“पण त्यानंतरही तुम्ही तिला पळपुट्याची पोर म्हणालात! माझ्या मुलाच्या लग्नात, चारचौघांत!”

“सवय लागली होती गं.”

“सवय?” तिने संत्र्याची ताटली बाजूला सारली आणि प्रत त्याच्या पुढ्यात आपटली. “उठा. हे तिला मी वाचून दाखवणार नाही. तुम्ही दाखवायचं. मोठ्यानं. ऐकू कमी येतं तिला.”

त्याने आत जाऊन वाचलं. व्रणापाशी अडखळला, तर तिने बोट ठेवून तेच वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

आई उठून बसली.

“तुला हे कधी कळलं, दादा?”

मामाने भाचीकडे पाहिलं. भाचीने मदत केली नाही.

“तेहतीस वर्षं झाली,” तो म्हणाला आणि रडू लागला.

“रडू नकोस,” आई म्हणाली. असा आवाज तिच्या मुलीने कधी ऐकला नव्हता. “माझ्यासमोर तर मुळीच नको. मला त्याचा चेहरा आठवत नाही. फोटो तू ठेवला नाहीस. त्याला पाहिलेला आता तू एकटाच उरलायस.”

तिने हात पुढे करून मामाचं मनगट घट्ट पकडलं.

“सांग. कपाळापासून सुरुवात कर. आणि काही गाळायचं नाही.”