मेसर्स नागसेन एंटरप्रायझेस

कारखान्याच्या वकिलाने कराराचा कागद नागसेनच्या डाव्या हाताजवळ सरकवला. उजव्या हाताला पट्टी होती, आणि पट्टीच्या आत दोन बोटं कमी होती.

"सही तुमचीच ना?"

"माहीच जी."

"वर काय लिहिलंय?"

नागसेनने वाचलं. मेसर्स नागसेन एंटरप्रायझेस. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात अकरा वर्षं राबताना आपण एका कंपनीचे मालक होतो, हे त्याला बोटं गेल्यावर कळलं होतं. कंपनीत दुसरं कोणी नव्हतं. त्यामुळे तिच्या एकमेव माणसाच्या अपघाताला जबाबदारही मालकच, म्हणजे तोच.

"प्रश्न साधा आहे," टेबलापलीकडून मॅडम म्हणाल्या. वर्ध्याच्या त्या कामगार कचेरीत निकाल त्याच द्यायच्या. "काम कधी आणि कसं करायचं हे जिनिंगवाले ठरवत असतील, तर तुम्ही कामगार. इलाजाचा खर्च त्यांच्याकडे. तुम्हीच ठरवत असाल, तर कंत्राटदार. मग हात तुमचा, इलाजही तुमचा."

पुढच्या महिन्यात हाताचं ऑपरेशन झालं नाही, तर उरलेली बोटंही वळणार नव्हती.

"हत्यारसुद्धा त्यांचं स्वतःचं," वकील म्हणाला. "अडकलेला कापूस ओढायचा आकडा. घरून आणायचे."

"आकडा घरचा," मागून नागसेनची बायको दीपमाला बोलली. "मशीन का माह्या सैपाकघरात हाय?"

जिनिंगचे मॅनेजर बंडूजी दुखावल्यासारखे हसले. "राजा मानूस हाय मॅडम. मनात आलं त आला, नाई त नाई. आमी कोन त्याले सांगनारे?"

"मंग राजाले गेटाभाईर काऊन उभं ठेवत होते, बंडूजी? सातचा भोंगा चुकला म्हनून?" दीपमालाने विचारलं.

"वहीत तशी नोंद नाही," वकील म्हणाला. ते खरं होतं. वहीत नागसेनचं नावच नव्हतं. मालकाची हजेरी कोण मांडतो?

"तुमचा कोणी साक्षीदार?" मॅडमनी नागसेनला विचारलं.

साक्षीदार बरेच होते. पण तेही आता आपापल्या कंपन्यांचे मालक झाले होते, आणि मालकांना आज सुट्टी मिळाली नव्हती.

"नाई जी."

मॅडम पुन्हा पहिल्या पानापासून फाईल वाचू लागल्या. नागसेनला तहान लागली होती. तो उठला, मॅडमच्या टेबलासमोरून पुढे गेला आणि बंडूजींच्या खुर्चीशी जरासा वाकून उभा राहिला.

"बंडूजी, पानी पिऊन येऊ का?"

बंडूजी मोबाईलमध्ये होते. त्यांनी मान वर केली नाही.

"जा. दोन मिन्टात येजो. अन् तिकडे गप्पा हाकत बसू नको."

वकिलाने डोळे मिटले. मॅडमनी फाईलमधून मान वर काढली, नागसेनकडे पाहिलं, बंडूजींकडे पाहिलं, आणि पेनाचं टोपण उघडलं. त्या बराच वेळ लिहीत राहिल्या.

दीपमाला दाराबाहेर जाणाऱ्या नवऱ्याच्या पाठीकडे पाहत होती. तिला हसू यायला हवं होतं.

व्हरांड्यात नागसेनने डाव्या हाताने पेला भरला. दुसऱ्या घोटाला त्याचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. पेला अर्धा तसाच ठेवून तो आत धावला.